अनंत धरू नका

'अनंत' या शब्दाचा इतका राग असलेला माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. तो माझा सासरा. त्याआधी डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माझाच मास्तर. पुस्तकात गणिताखाली लिहिलेलं असे, 'ट्रान्झिस्टरचा आउटपुट रेझिस्टन्स अनंत धरा.' सर ती ओळ लाल पेनाने खोडत. "अनंत कसलं डोंबलाचं? मोठा असेल, पण त्याला आकडा आहे! आळस आला की धरलं अनंत!" मग फळ्यावर आलेखाच्या रेषा काढून त्या पट्टीने डावीकडे मागे मागे न्यायचे. साऱ्या एका बिंदूत मिळाल्या की चेहरा असा खुलायचा, जणू सगळी पोरंबाळं सणाला घरी आलीत. तिथले व्होल्ट भागिले करंट, झाला रेझिस्टन्सचा अंदाज! एकदा फळा पुरला नाही आणि बिंदू भिंतीवरच्या कॅलेंडरात, थेट गणपतीच्या सोंडेवर आला. "शंभर व्होल्ट, अदमासे," म्हणत सरांनी आधी नमस्कार केला, मग खडू ठेवला.

हे 'अदमासे' घरातही चाले. सासूबाई "मीठ चवीपुरतं" म्हणाल्या की भांडण ठरलेलं. मी मागणी घालायला नागावला गेलो, तर सर पोह्यांची बशी हातात देऊन म्हणाले, "रोल नंबर सतरा, शंभर व्होल्ट, दोन मिलिअँपिअर. रेझिस्टन्स?" मी पोह्यांकडे बघत म्हणालो, "अनंत धरला तर?" त्यांनी बशी काढून घेतली! तेवढ्यात दाराआडून हिने पाच बोटं दाखवली, मग मूठ.

"पन्नास किलोओम, अदमासे!"

बशी परत आली, आणि यथावकाश मुलगीही मिळाली. जावई झालो तरी हाक मात्र 'रोल नंबर सतरा'च राहिली.

सासूबाई गेल्या आणि सर वाडीत एकटे उरले. यंदा गणपती आटोपून आम्ही मुंबईला निघालो, तेव्हा बेड्याशी, वाडीच्या फाटकापर्यंत येऊन म्हणाले, "पुन्हा कधी?"

"येऊच की, सर."

त्यांचा चेहरा उतरला. "येऊच की म्हणजे अनंत धरलंस. आकडा सांग रे."

"पुढच्या शनिवारी. साडेदहा, अदमासे."

शनिवारी रेवसची लाँच उशिरा सुटली. आम्ही दोघं पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. सर पडवीत घड्याळासमोर बसलेले. "पंधरा मिनिटांची चूक. चालेल," म्हणाले.

बाजूला चहाचे तीन कप भरून ठेवले होते. मी एक उचलला. पार गार, वर जाड साय धरलेली. कधीपासून ओतून बसले असतील, याचा मी मनात अंदाज केला आणि तो चहा तसाच पिऊन टाकला.