थोड्या वेळानं करा

अकोल्याच्या जुन्या शहरात बेबीताईचं नाव निघालं की बायका आधी हसायच्या. आगपेटीतली काडीसुद्धा ही बाई मोजून ओढते, शेजारणीच्या पेटलेल्या चुलीवर स्वतःचं अंघोळीचं पाणी तापवून घेते, असं काहीबाही बोलायच्या. आणि हसून झालं की त्याच बायका म्हणायच्या, पण घर तिनंच वाचवलं. त्यात खोटं काही नव्हतं.

बेबीचा नवरा शेखर, माळ्याच्या घरचा, भाजीचा धंदा बापाच्या हातून आलेला. हातगाडीवर बरं चाललं होतं. पण चार दोस्तांनी भरीला घातलं आणि या शहाण्यानं अमरावतीहून एक जुना टेम्पो हप्त्यावर उचलून आणला. टेम्पोच्या इंजिननं पहिल्याच पावसाळ्यात मान टाकली. मग दुरुस्तीसाठी सावकार, सावकाराचं व्याज फेडायला बायकोच्या नावानं महिला गटाचं कर्ज, गटाचा हप्ता भरायला आणखी कोणी. वसुलीवाले दारात खुर्ची मागून बसू लागले तेव्हा शेखरनं दोन कामं केली. मोबाइलचा नंबर बदलून टाकला, आणि दिवसाची कमाई बायकोच्या ओंजळीत ओतायला सुरुवात केली. "तूच पाह्य आता," म्हणाला, "माह्यानं होत नाई."

बेबीनं पाहायला घेतलं. आधी टेम्पो भंगारात विकला आणि नवऱ्याला परत हातगाडीवर उभं केलं. मग घरात हात घातला. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल बंद, सोयाबीनचं आलं, तेही पळीऐवजी चमच्यानं. दूध अर्ध्यावर, मग चहाच काळा. घरात गाडीवर न खपलेली भाजी शिजायची. सुकलेल्या बरबटीच्या शेंगा, मऊ पडलेली वांगी, तेही नसलं तर बेसन आणि ज्वारीची भाकर. मे महिन्यात, जेव्हा अकोल्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, तेव्हा कूलर दुपारी तासभर चालायचा आणि बाकी वेळ दाराला ओलं लुगडं टांगलेलं असायचं. फक्त अमरावतीला होस्टेलवर शिकणाऱ्या खुशीच्या फीला तिनं हात लावला नाही. त्यासाठी स्वतःच्या गळ्यातली पोत मोडली.

सासूचं, मनकर्णाबाईंचं, काही तोडायला बेबी धजत नव्हती. म्हातारीचे लाड ते काय? दात घासायचा तंबाखूचा गुळाखू, गुडघ्याला लावायचं तेल आणि एक बटनांचा छोटा फोन. पण मनकर्णाबाई काही आंधळ्या नव्हत्या. एक दिवस गुळाखूची डबी संपली तेव्हा त्यांनीच सांगितलं की आता आणू नको, तोंड येतं त्यानं. जन्मभर तोंड आलं नव्हतं ते त्याच वर्षी कसं आलं, हे बेबीला कळत का नव्हतं? कळत होतं. पण तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डबी आणली नाही. घर सावरायला निघालेल्या माणसाला कुठं कुठं बहिरं व्हावं लागतं, आणि एकदा ती सवय लागली की सोडवत नाही.

मग फोन. त्या फोनवर एकच माणूस बोलायचा. तेल्हाऱ्याचे नत्थुजी, मनकर्णाबाईंचे थोरले भाऊ. दर रविवारी जेवणं झाली की फोन वाजायचा. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे नत्थुजी असे ओरडून बोलायचे की फोन नसता तरी तेल्हाऱ्याहून आवाज आला असता, असं शेखर म्हणायचा. बोलणं काय, तर आज काय रांधलं, गुडघा कसा आहे, तिकडे आभाळ आहे का. तेवढ्यावर म्हातारीचा आठवडा निघायचा. घरातली दुसरी माणसं तिला 'आई' म्हणायची, 'आजी' म्हणायची. 'मनू' म्हणणारा जगात तो एकच उरला होता.

त्या वर्षी रामनवमीला नत्थुजी अंगणात घसरून पडले, खुबा मोडला, आणि खाटेला खिळले. मनकर्णाबाईंना भेटायला जायचं होतं. बेबी म्हणाली, जाऊ ना आई, जरा हप्ते निघू द्या. रिकाम्या हातानं माहेरी जाता येत नाही हे म्हातारीलाही पटलं. फोन तर आहेच, म्हणाल्या.

आणि आखाड लागता लागता बेबीनं फोनचा रिचार्ज बंद केला.

तिच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायलाच हवं. तिला वाटलं, म्हातारी कुठं कोणाला फोन लावते, येणारा फोन तर फुकटच येतो. पूर्वी तसंच होतं. एकदा कार्ड घातलं की येणारे फोन येतच राहायचे. आता तसं राहिलं नाही, येणारेही बंद होतात, हे तिला महिनाभरानं मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं. तेव्हा ती दुकानात उभीच होती, पैसेही हातात होते. पण ते गटाच्या हप्त्याचे होते. पुढच्या महिन्यात टाकू, असं म्हणून ती घरी आली. पुढच्या महिन्यातही तिनं तेच म्हटलं.

रविवारी मनकर्णाबाई फोन मांडीवर घेऊन बसायच्या. दुपार कलायची. मग विचारायच्या, "याच्यात चार्जिंग हाये ना व?"

"फुल्ल हाये, आई," बेबी म्हणायची. ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळेच ते बोलताना तिची जीभ जड व्हायची.

काही रविवार असे गेले आणि म्हातारीनं स्वतःचा हिशेब लावला. खुबा मोडला तरी मी पाहायला गेली नाही, म्हणून भाऊ रुसला. रुसला तर रुसू दे. मग त्याही रुसल्या. बेबीनं एकदा म्हटलं, माझ्या फोनवरून लावून देऊ का. मनकर्णाबाईंनी मान फिरवली. "नको. त्याले वाटन तवा थो करन." बेबीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली होती.

दिवाळी आली. भाऊबीजेचं बोलावणं दर वर्षी नत्थुजींच्या फोननं यायचं. यंदा आलं नाही. मनकर्णाबाईंनी नवं नसलं तरी धुतलेलं लुगडं नेसून ठेवलं होतं, ते संध्याकाळी सोडून घडी केलं. बोलावल्याशिवाय कशी जाऊ, एवढंच म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. चुलीपाशी बसलेली बेबी मनाशी मांडत होती, जाण्यायेण्याचं भाडं वाचलं, भाचरांचे कपडे वाचले, मिठाई वाचली. मांडता मांडता तिला रडू आलं. पण वाचलं ते वाचलंच, आणि ते दुसऱ्या दिवशी सावकाराकडे गेलं.

होळीच्या आधी शेवटचा हप्ता फिटला. सावकारानं कागद परत दिला तेव्हा शेखर पोरासारखा रडला. त्यानं घरी फल्लीचं तेल आणलं, दूध आणलं, आणि बेबीला म्हणाला की तू नसती तर आपण रस्त्यावर असतो. बेबीनं काय केलं, तर ती आधी मोबाइलच्या दुकानात गेली आणि फोनचा रिचार्ज केला. येताना गुळाखूची डबीही आणली. म्हातारीनं डबी हातात घेऊन पाहिली, नुसतं हसली.

बेबी रविवारची वाट पाहत बसली. तिला वाटत होतं, फोन वाजेल आणि सगळं जिथल्या तिथे येईल. पैशानं अडलेलं होतं, पैशानं सुटेल. रविवार आला, फोन वाजला नाही. पुढचाही गेला. आता फोन जिवंत होता, पण तिकडून करणाऱ्यानं करणंच सोडलं होतं. बेबीनं ठरवलं की आपणच तेल्हाऱ्याला फोन करून नत्थुजींना सांगून टाकू. ठरवलं, आणि लाज वाटून उद्यावर ढकललं. तिचे चार-पाच उद्या गेले असतील.

चैत्रात एका सकाळी शिवम दारात उभा राहिला. हा नत्थुजींच्या बायकोचा, माणिकबाईंचा, भाचा. अकोल्यात कामाला होता. शेखरचा नंबर कोणाकडे नव्हता, म्हातारीच्या फोनवर तिकडे कोणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून पत्ता शोधत आला होता. नत्थुजी पहाटे गेले, म्हणाला.

सासू-सुना मिळेल त्या एसटीनं तेल्हाऱ्याला पोचल्या तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मनकर्णाबाईंनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्या ओरडल्या नाहीत की पडल्या नाहीत. फक्त त्याच्या कानाशी तोंड नेऊन, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "भाऊ, आली मी," म्हणाल्या. मग माणसं नत्थुजींना घेऊन गेली.

मागे बायका बसून राहिल्या. माणिकबाई भिंतीला टेकून होत्या. मुलगा नाशकाला नोकरीला, घरात दोघं म्हातारीच. त्या मनकर्णाबाईंकडे न पाहताच बोलू लागल्या.

"तुह्या सुनेनं एकडाव तरी तुह्या हाती द्यायचा व फोन, मनकर्णाबाई. दर आइतवारी लावत. सून म्हने, थोड्या वेळानं करा. मोठं गोड बोलते म्हनत. कामात असन बिचारी, म्हनत, अन् घंटाभर फोन हातात धरून बसून राहत. मंग पुन्हा लावत. पुन्हा तेच, थोड्या वेळानं करा. पाया पडतो बाई, म्हनत, माह्या बईनीले एवढं सांग का भाऊबीजेले ये. तिनं आयकलं नाई. संक्रांतीपासून लावनं सोडलं त्याईनं."

तो आवाज बेबीनं ऐकला होता. रिचार्ज करायच्या आधी एकदा तिनं स्वतःच्या फोनवरून म्हातारीचा नंबर लावून पाहिला होता, तेव्हा कंपनीची ती बाई तिच्याशीही असंच गोड बोलली होती. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. बहिऱ्या म्हाताऱ्याला त्यातलं तेवढंच कळलं होतं, आणि सांगितल्याप्रमाणे तो थोडा थोडा वेळ थांबत राहिला होता.

सगळ्या बायका बेबीकडे पाहत होत्या. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मनकर्णाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"तिले मीच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मले बोलाचं नव्हतं त्याच्यासंग."

माणिकबाईंनी पहिल्यांदा नणंदेकडे नीट पाहिलं. कोणीतरी पाण्याचा तांब्या फिरवला, तो मनकर्णाबाईंना वगळून पुढे गेला. निघताना माणिकबाई बाकीच्यांना तेरवीला या म्हणाल्या. या दोघींच्या वेळी त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि तो काढला नाही. मनकर्णाबाईंना आता माहेर म्हणून जायला ते घर राहिलं नाही, हे लहान पोरालाही कळलं असतं.

परतीच्या एसटीत बेबीला एकच कळत नव्हतं. फोनातलं काही न कळणाऱ्या म्हातारीला खरंच वाटलं होतं की आपल्या मांडीवर न वाजलेला फोन सुनेनं कुठूनतरी उचलला आणि आपल्या भावाला दारातून हाकलावं तसं हाकललं. तसं वाटत असूनही तिनं ते आपल्या अंगावर का घेतलं? घराची अडचण माहेरी उघडी पडू नये म्हणून असेल, सून उघडी पडू नये म्हणून असेल. बेबीला ते सहन होईना. अकोटला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, आणि गाडी सुटल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. रिचार्ज मीच बंद केला. येणारे फोन बंद झालेत हे मला महिनाभरातच कळलं होतं. तरी मी टाकला नाही. त्यांच्याशी बोलायची ती मी नव्हे, ती कंपनीची बाई, मशीनमधली, फोन बंद असला की सगळ्यांना तेच सांगते. सांगताना ती इतकी रडली की समोरच्या बाकावरची बाई वळून पाहायला लागली.

मनकर्णाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, तिची समजूतही घातली नाही. गाडी चोहोटा गावाच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजे थो त्या बाईसंग बोलत होता?"

"हो, आई."

"तवढे महिने?"

"हो."

म्हातारी थोडा वेळ हात चोळत बसली. मग बेबीकडे सरकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मंग तिले विचारता येईन का व? थो अजून काय काय बोलला म्हनून?"

"ती आयकत नाई, आई," बेबी कशीबशी म्हणाली. "नुसती बोलते."

"काईच आयकत नाई?"

"नाई."

मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.