सदाकाकांनी आणलेलं तेल

“आपल्यातला असता तर असलं तेल आणलं नसतं हो त्यानं.”

खालच्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, काकू तिला मटार सोलून देत होत्या, आणि मी आतल्या खोलीत पडद्यामागे उभी होते. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मीही बोलले नाही – आणि खरं काय ते ठाऊक असलेली त्या घरात मी एकटीच होते.

गेल्या रविवारपर्यंत ती एकटी मीच राहिले. मैत्रिणीला सांगितलं नाही, आईला नाही, देवापुढे बसूनसुद्धा मनातल्या मनात हे पूर्ण वाक्यात कधी म्हटलं नाही. हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा सगळी इंग्रजीतच झाली. पण इंग्रजी बाबांना जेमतेम वाचता येतं, सदाकाकांना मुळीच नाही. मग तेही लपवणंच झालं असतं, नाही का?

कुठून सुरू करू? गाडीपासून करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमची गाडी माझ्याहून मोठी होती, वयानं. दोन दारांची, फिकट निळी, इतकी लहान की कॉलनीत तिला सगळे ‘डबी’ म्हणत. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून बाबांनी ती घेतली तेव्हा ती चालत नव्हती. पिंपरीतल्या आमच्या कंपनी-कॉलनीत कामगारांच्या चाळींपुढे सायकली असत, एखादी स्कूटर असे. त्यात ही गाडी. बाबा कंपनीच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं बनवत. गॅरेजला गाडी देणं त्यांना कमीपणाचं वाटे. दर रविवारी नाश्ता झाला की ते बॉनेट उघडत. आणि समोरच्या बिल्डिंगमधून सदाकाका येत.

सदाकाका कंपनीच्या रंगखात्यात, पेंट शॉपमध्ये होते. मूळचे उस्मानाबादकडचे. उंच, पाठीत थोडे वाकलेले, सतत काहीतरी गुणगुणणारे. गाडीतलं त्यांना फार कळत नसे आणि ते स्वतःच तसं सांगत. “दादा, मला फकस्त दाब म्हना नायतर सोड म्हना. इच्यार करायचं काम तुमचं.” त्यांचं खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी होतं. पुण्याला काही काम निघालं की ते एक खाकी पिशवी घेऊन जात, आणि कॉलनीतले निम्मे लोक त्यांना काही ना काही आणायला सांगत. कुणाचं औषध, कुणाची स्टोव्हची पिन, कुणाच्या मुलीच्या शिलाई मशीनचा पट्टा. संध्याकाळी ती पिशवी भरून यायची. तिच्याबद्दल त्यांना केवढा अभिमान होता, हे मला तेव्हा दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ते बौद्ध होते. हे कॉलनीत कुणी उघड बोलत नसे. पण ठाऊक सगळ्यांना असे.

त्या रविवारी ब्रेकची हवा काढायची होती. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा शिरली की ब्रेक नीट लागत नाहीत; ती काढायला तीन माणसं लागतात. सदाकाका स्टिअरिंगपाशी बसून पॅडल दाबणार. बाबा चाकापाशी आडवे होऊन मागचा छोटा स्क्रू सैल करणार, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. आणि तिसरी मी. बॉनेटखालच्या लहानशा टाकीतलं तेल कमी झालं की वरून भरत राहायचं. ती रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. “दाब… धर… सोड.” बाबांचा आवाज खालून यायचा, सदाकाका त्याला चाल लावायचे.

ब्रेकचं तेल सदाकाकांनीच आदल्या दिवशी पुण्याहून आणलं होतं. तेव्हा दुकानात ते सुटं मिळायचं. आपली बाटली न्यायची, दुकानदार मोठ्या डब्यातून भरून द्यायचा. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते होतं. तशाच दुसऱ्या बाटलीत बाबांनी इंजिनचं तेल काढून ठेवलं होतं. दोन्ही माझ्या पायाशी. टाकीच्या झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. काम सुरू करण्यापूर्वी बाबांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली, आणि मी वाचून अर्थ सांगितला – यात फक्त ब्रेकचंच तेल घालायचं, दुसरं कुठलंही नाही. सदाकाका म्हणाले, “पोरगी शिकल्याचा फायदा हाय बगा.”

हे मी मुद्दाम सांगते आहे. मला माहीत नव्हतं, असं कुणी माझ्या वतीनं म्हणू नये.

तीन चाकं झाली होती. तेवढ्यात गेटमधून माझ्या वर्गातली एक मुलगी आत येताना दिसली, तिच्या आईबरोबर. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे आली असावी. ती पुण्याच्या बंगल्यातली. मी कुठे राहते हे शाळेत मी कधी नीट सांगितलं नव्हतं, पिंपरीला, एवढंच. आणि आता मी आईच्या जुन्या साडीचं फडकं कमरेला गुंडाळून, कोपरापर्यंत काळी, भर रस्त्यावर उभी. मी पटकन खाली बसले, बॉनेटच्या आड. बसताना टाच लागली आणि ब्रेकच्या तेलाची बाटली आडवी झाली.

उचलेपर्यंत ती जवळजवळ रिकामी झाली होती. ओघळत होती. मी ती मडगार्डवर ठेवली आणि चपलेनं जमिनीवरच्या तेलावर माती ओढली. त्या दोघी निघून गेल्या; त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खालून बाबा म्हणाले, “तेल बघ गं.”

टाकी तळाला आली होती.

त्या वेळी मी काय विचार केला? खूप वर्षं मी स्वतःला सांगत आले की काहीच केला नाही, हात आपोआप गेला. ते खोटं आहे. मी विचार केला. रविवारी दुसरं तेल कुठून मिळणार, बाबा सगळ्यांसमोर बोलतील, कसं सांडलंस विचारतील – आणि मग मी कुणापासून लपत होते ते सांगावं लागेल. तेल ते तेल. झाकणावर लिहिणारे लिहितातच. मी दुसरी बाटली उचलली आणि इंजिनचं तेल टाकीत ओतलं. काठोकाठ.

“दाब… धर… सोड.”

शेवटचं चाक झालं. सदाकाकांनी पॅडल दाबून पाहिलं, अगदी घट्ट लागत होतं. बाबांनी विचारलं, किती उरलं? मी म्हटलं, संपलं. ते तर खरंच होतं. “बरुबर पुरलं बगा,” सदाकाका म्हणाले, आणि हात पुसत चहाला वर गेले.

इंजिनचं तेल ब्रेकच्या रबरांना चालत नाही. ती हळूहळू फुगतात. पहिले काही दिवस काहीच होत नाही. तेवढ्या दिवसांत मी जवळजवळ विसरलेही होते. मग बाबा आईला घेऊन आळंदीला गेले. येताना उतारावर पॅडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बाबांनी गाडी कशीबशी बाभळीवर घातली. आईनं हात पुढे धरला होता. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ते अजूनही पुरतं वळत नाही; पोळ्या ती डाव्या हातानं लाटते.

गॅरेजवाल्यानं रबरं बाहेर काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, भलतंच तेल पडलंय यात. आणलं कुणी? मग म्हणाला, अस्सल ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर रंग उठतो, नकलीची तीच खूण – रंगाला काही होत नाही. बाबांनी मान हलवली. त्यांच्या मनात तेव्हाच ठरलं असावं.

मी त्यांच्याबरोबर होते. ते पैसे द्यायला आत गेले आणि मला मडगार्ड दिसलं. बाटलीच्या बुडाएवढं गोल, तिथला निळा रंग फोड येऊन उठला होता. अस्सल तेल होतं. सदाकाकांनी आणलेलं तेल अस्सल होतं, आणि त्याचा पुरावा माझ्यासमोर होता. मी काय केलं? त्याला पाठ लावून उभी राहिले. बाबा येईपर्यंत. नंतर घरी, दुपारी सगळे झोपलेले असताना, मी तेवढा भाग घासला आणि वर रंग दिला. घरात त्या निळ्याचा छोटा डबा होता. रंग हुबेहूब जुळवून दिला होता तो सदाकाकांनीच. संध्याकाळी बाबा म्हणाले, बरं केलंस, खरचटलं होतं वाटतं.

आता सांगा, तेल ओतणं मोठं की हे?

दोनच दिवसांनी सदाकाका आईसाठी मोसंबी घेऊन आले. बाबांनी त्यांना जिन्यातच गाठलं. शेजारची दारं उघडी होती. बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. म्हणाले, “सदा, खरं सांग, बाटलीत काय भरून आणलंस?”

सदाकाका आधी हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

“दुकानदारानं माझ्यासमोर भरलं, दादा.”

बाबा म्हणाले, असेल. एवढंच. आणि दार लोटून घेतलं. मी दाराच्या आतल्या बाजूला होते. सदाकाकांची पावलं वाजली ती बऱ्याच वेळानं. मोसंबी कठड्यावर ठेवून गेले. ती कुणी आत आणली नाहीत.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, कंपनीतलंच तेल बाटलीत भरलं असणार आणि पैसे खाल्ले. कुणी नुसतंच ‘असो’ म्हणालं. त्यातच खालच्या काकूंचं ते वाक्य. पुढे एकदा सदाकाकांना मी पुण्याहून येताना पाहिलं. पिशवी घडी करून काखेत होती. कुणी काही आणायलाच सांगितलं नव्हतं. वर्ष सरायच्या आत ते क्वार्टर सोडून पिंपळे गुरवला भाड्याच्या खोलीत गेले. टेम्पोवर सामान चढवायला कॉलनीतलं कुणी खाली उतरलं नाही. बाबा खिडकीत उभे होते, मीही.

मला तेव्हापासून स्थिर बसवत नाही. हे दया येण्यासाठी सांगत नाही, नुसतं आहे तसं सांगते. कुणी ‘ब्रेक’ म्हटलं की मी उठून पाणी प्यायला जाते. जेवताना, टायपिंग करताना, बसच्या रांगेत – मनात वाक्यं जुळवते आणि मोडते. नोकरी लागल्यावर एकदा पिंपळे गुरवला जाऊनही आले. घर शोधलं. सदाकाकांनीच दार उघडलं, बायकोला हाक मारली, चहा ठेवायला लावला. कामावर कसं काय, आईचा हात कसा आहे, विचारत राहिले. मग म्हणाले, “आन डबी कशी हाय?” मी म्हटलं, चालते आहे. इकडे मैत्रिणीकडे आले होते, म्हटलं डोकावून जावं. मला पिंपळे गुरवमध्ये एकही मैत्रीण नाही. ते मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आले.

तर, गेला रविवार. बाबा आता गाडी विकायची म्हणत होते. कासारवाडीहून एक गृहस्थ बघायला आले. तेही एका कारखान्यात असतात, बोलके. त्यांनी सगळं हलवून पाहिलं, दारं आपटून पाहिली, आणि पुढचा पत्रा ठोकून सरळ केलेला त्यांच्या लक्षात आला. विचारलं, हिचा काही अपघात वगैरे? मी चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. बाबांनी मोकळेपणानं सांगितलं. बाबा खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, गाडीचा दोष नाही, एका माणसानं भलतं तेल आणून दिलं होतं. आमच्याच कंपनीतला, पेंट शॉपचा, सदा म्हणून.

“सदाभाऊ?” ते गृहस्थ म्हणाले. “उंच, वाकून चालतात ते? आमच्या शेजारच्या गल्लीत त्यांच्या मुलीची सोयरीक चाललीय की. बरं झालं सांगितलंत. विचारणारे विचारतात हो.”

बाबांनी बॉनेट खाली लोटलं. एवढं लांब जाईल असं त्यांना वाटलं नसावं. पण त्यांनी ते मागे घेतलं नाही. कशाला घेतील? त्यांच्या लेखी ते खरं होतं. वर गॅलरीत खालच्या काकू आईपाशी बसल्या होत्या, त्यांनाही सगळं ऐकू जात होतं. त्या गृहस्थांनी चहासाठी हात पुढे केला. मी ट्रे गाडीच्या टपावर ठेवला. माझा आवाज इतका मोठा मी त्याआधी ऐकला नव्हता.

“बाबा, सदाकाकांनी आणलेलं तेल चांगलं होतं. ते मी सांडलं, आणि इंजिनचं तेल मी ओतलं. झाकणावर काय लिहिलंय ते वाचून ओतलं.”