आप्पांचा उजवा हात

दुपार कलली की आमच्या मोशीच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यातून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज सुरू होतो. खेळणारे सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांत माझे वडील, म्हणजे आप्पा, सगळ्यांत भारी होते. भल्याभल्यांना त्यांनी एकही सोंगटी घेऊ न देता घरी पाठवलंय. आता ते खेळत नाहीत. शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि सोंगट्या अडखळायला लागल्या की डाव्या हातानं पावडर टाकतात. आप्पा बाथरूममध्ये पडले आणि त्यांचा हात गेला, असं सगळ्या इमारतीला वाटतं. ते बाथरूममध्ये पडले नाहीत. त्यांना मी पाडलं, डोंगरात, माझ्या गाडीवरून.

मी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. गेटवर एक मोठा फलक आहे, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारा. रोज सकाळी त्याच्यावरचा आकडा एकानं वाढवायचं काम माझं. हातमोज्यांशिवाय कुणी मशीनजवळ दिसला की मी एवढ्या जोरात ओरडतो की दुसऱ्या शेडमधले लोकही गुपचूप आपापले मोजे चढवतात. घरीसुद्धा मी गॅसची नळी तपासत असतो. बायको म्हणते, अहो, इथं तुम्हाला कुणी पगार देत नाही.

गेल्या वर्षी मी डोंगरात फिरवायची मोटरसायकल घेतली. उंच, अंगानं सडपातळ, डांबरावर बऱ्यापैकी पळणारी आणि डांबर संपलं की खरी रंगात येणारी. रविवार आला की मी एकटाच आंदर मावळात जायचो. आप्पा गॅलरीतून बघत राहायचे. त्यांचं आयुष्य सायकल आणि कंपनीच्या बसमध्ये गेलं. सोलापूरकडच्या सपाट रानातून आलेला माणूस, सह्याद्रीच्या एवढ्या जवळ इतकी वर्षं राहिला, पण डोंगर पाहिला तो लांबूनच. एका रविवारी मी बूट घालत असताना ते म्हणाले, "मला बी ने की एकदा."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. बायकोनं तिच्या स्कूटरचं हेल्मेट दिलं, चपात्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. हातमोज्यांची जोडी एकच होती, माझी, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच असलेली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं तसं मी म्हणालो, "तुम्हाला कशाला, तुम्ही तर मागं बसणार." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

देहूवरून तळेगाव, मग कान्हे फाटा, मग टाकवे. पाऊस नुकताच सरला होता. भात पिवळं पडलं होतं, काही खाचरांत कापणी चालली होती. धरणाच्या कडेनं जाताना आप्पा मागून सारखं काही ना काही बोलत होते. एवढं पाणी आमच्याकडं असतं तर, असं त्यांनी दोनदा तरी म्हटलं असेल. शेवटच्या वाडीपाशी डांबर संपलं आणि लाल मातीचा, गोट्यांचा चढ सुरू झाला. तिथं त्यांचं बोलणं बंद झालं.

अशा चढावर मागं माणूस असेल तर गाडी सावकाश घ्यायची असते. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण एकदा लय सापडली की मला थांबवत नाही. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा दाबला. थोड्या वेळानं पुन्हा. हळू घे, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो मला पुरेपूर कळला होता. मी हळू घेतली नाही. पोरगा कशी गाडी हाणतो ते बापाला दाखवायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असलं काही वाटावं याची आता लाज वाटते.

पावसानं रस्त्यात खोल चर पाडला होता. पुढचं चाक त्यात गेलं, मुरुमावर घसरलं, आणि आम्ही दोघं आडवे झालो. पडणं फार मोठं नव्हतं. पण मी उठून आधी गाडीकडं धावलो. पेट्रोल गळतंय का, लिव्हर मोडला का, ते पाहिलं. गाडी उभी करून मागं वळलो तर आप्पा उठून उभे होते. पँटला माती आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात.

"लागलं का?"

"न्हाई. गाडीला काय झालं का बघ."

वर पठाराच्या कडेला गेलो. खाली कोकण पसरलेलं. आम्ही चपात्यांचं फडकं सोडलं. आप्पांनी चपातीची गुंडाळी केली ती डाव्या हातानं, गुडघ्यावर दाबून, आणि डाव्याच हातानं खाल्ली. लहानपणी डावा हात ताटाकडं गेला तर याच माणसानं आम्हाला फटके दिलेत. मी ते पाहिलं. पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. कारण मी आणखी एकदा विचारलं असतं तर त्यांनी कदाचित खरं सांगितलं असतं, आणि मग तिथूनच मागं फिरावं लागलं असतं. मला तर अजून पुढच्या टोकापर्यंत जायचं होतं. म्हणून मी विचारायच्या ऐवजी त्यांचा फोटो काढला. मागं सगळं कोकण, आप्पा हसताहेत, उजवा हात खिशात. बायकोला तो फोटो इतका आवडला की तिनं मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

आप्पा असे का, हे मला माहीत आहे. त्यांच्या काळात वर्षभर अपघात झाला नाही तर खात्यातल्या प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या स्वयंपाकघरात अजून ती उतरंड आहे. एकदा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर लोखंडी ठोकळा पडला, नख उपटून निघालं. ते बुटात तसाच पाय ठेवून शिफ्ट संपेपर्यंत उभे राहिले. एकट्याच्या अंगठ्यापायी सगळ्यांचा डबा बुडवायचा का, म्हणाले. आईनं रक्तानं कडक झालेला मोजा धुतला होता. हा किस्सा मी ट्रेनिंगमध्ये रंगवून सांगतो. लोक हसतात. मग मी गंभीर होऊन म्हणतो, असं करू नका, लागलं तर सांगा. आणि दुपारी शेडमध्ये कुणी हात पाठीमागं धरून उभा दिसला तर वळसा घालून जातो. दुसऱ्या दिवशी गेटवरचा आकडा एकानं वाढवतो.

त्या रविवारनंतर आप्पा कॅरमला जाईनात. कंटाळा आला म्हणायचे. डाव्या हातानं दाढी करायचे आणि हनुवटीवर कापून घ्यायचे. मला काहीच कळत नव्हतं असं मी स्वतःला सांगत राहिलो. शेवटी बायकोनंच पकडलं. त्यांना बरणीचं झाकण उघडता येईना, तेव्हा ती त्यांना ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. मी मागून पोचलो.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक लहानसं हाड असतं, ते मोडलं होतं. मोडून बरेच आठवडे झाले होते. लगेच आला असतात तर प्लास्टरमध्येच जुळलं असतं, म्हणाले. आता ऑपरेशन करूनही पहिल्यासारखा हात होईल असं सांगता येत नाही. कसे पडलात, असं त्यांनी विचारलं.

"बाथरूममदी," आप्पा म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

बायकोचा चेहरा उतरला. "रविवारी मी फरशी घासते," ती म्हणाली, "साबणाचं पाणी तसंच राहिलं असेल. माझंच चुकलं, आप्पा."

मी तिथंच होतो, एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, डॉक्टर माझ्याकडंच बघताहेत असं मला वाटत होतं. ते कागदावर लिहीत होते. त्यांचं लिहून झाल्यावर मी एक्स-रे पाकिटात घातला.

ऑपरेशन झालं. हात बरा आहे, म्हणजे शर्टाची बटणं लागतात. स्ट्रायकर मारायला गेलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. शेजाऱ्यांनी मला सल्ला दिला, बाथरूममध्ये रबरी चटई टाका, भिंतीला धरायला दांडी लावा. मी दोन्ही केलं, अगदी नियमानुसार, दांडीची उंची मोजून. सगळ्यांनी कौतुक केलं. सेफ्टीवाल्याचं घर आहे म्हणाले.

चटई आल्यावरही बायको रोज सकाळी आप्पांच्या अंघोळीआधी गुडघ्यावर बसून फरशी कोरडी करते. कोपरे, उंबरा, मोरीची कड, सगळं. कंपनीच्या बसची वेळ होते आणि ती अजून पुसत असते. मी डबा घेऊन तिच्या मागून निघून जायचो. परवा मला जाववेना. मी दाराशी उभा राहिलो.

"ऐक," मी म्हणालो, "आप्पा इथं पडले नव्हते."

ती फडकं पिळत होती, ती थांबली. हॉलमधून, त्या फोटोच्या खालून, आप्पांचा आवाज आला. चढलेला, कडक, लहानपणी ऐकला होता तसा.

"पडलो हुतो. तू जा, तुझी बस चुकंल."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग वळली आणि पुन्हा पुसायला लागली.