शेगाव, मुंबई, तोक्यो आणि आमचं वावर

मी जपानला निघाले त्या दिवशी बाबा जळगाव जामोदच्या स्टँडवर आले नाहीत. अर्धी गल्ली आली होती. शेजारच्या काकूंनी डब्यात इतक्या पुऱ्या कोंबल्या, की विमानतळाच्या वजनकाट्यावर फजिती ठरलेलीच. बाबा मात्र चहाही न घेता वावरात निघून गेले. मला काम मिळालं होतं तोक्योच्या एका वृद्धाश्रमात. व्हिसा आला तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, "घरचे बुढे सोडून लोकायचे बुढे सांभायाले चालली." त्यानंतर आठ दिवस अबोला. हा अबोला आता समुद्रापार तसाच राहणार, या धास्तीनं मी एसटीत बसले.

लहानपणी आमचं जग शेगावला संपायचं. दीड तासाची एसटी, दर्शन, कचोरी आणि परत. त्या दिवशी शेगावहून पुढे मुंबईपर्यंत रेल्वेत नऊ तास अंग आंबवलं. दुसऱ्या सकाळी विमानात बसले, तर समोरच्या स्क्रीनवर लिहिलेलं: तोक्यो, साधारण पावणेसात हजार किलोमीटर, आठ तास. मला हसूच आलं. घरून नुसती मुंबई गाठायला मला याहून जास्त वेळ लागला होता.

खरं नवल पुढेच होतं. पाऊण तास झाला असेल. स्क्रीनवरच्या नकाशात विमानाजवळ 'अकोला' उमटलं. मी काचेला नाक लावलं. सातपुड्याची रांग, पूर्णेची वळणं, काळ्या मातीचे चौकोन. जिथून निघून मुंबई गाठायला अख्खा दिवस गेला, तिथेच मी पाऊण तासात परत आले होते, फक्त दहा किलोमीटर उंचावर! शेजारच्या जपानी आजींना मी खाली बोट दाखवून "माय हाउस, माय हाउस" म्हणत सुटले. त्यांनी वाकून पाहिलं आणि आमच्या वावराला कमरेत लवून नमस्कार केला. एवढा मान त्या वावराला आजवर कोणी दिला नव्हता.

उतरल्यावर मायला फोन लावला. तिकडे दुपार होती.

"मी वावरातच हावो," माय म्हणाली. "भाकर घेऊन आली तुह्या बाबाची. तुह्या भावानं मोबाइलात इमानाचा रस्ता दाखोला त्याईले, तवापासून मचाणावरून उतरूनच नाही राह्यले."

ते मचाण रात्री रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं हाकलायला बांधलेलं. दिवसा त्यावर कोणी चढत नाही. मायनं फोन वर दिला.

"बाबा, माह्यं इमान आपल्या वावरावरूनच गेलं."

"मालूम हाये."

"दिसलं काय तुमाले?"

ते म्हणाले, "तुह्यं कोणतं, खालून काय समजते? सकायपासून सात गेले. सातईले हात केला."

विमानतळावरच्या त्या चकचकीत फरशीवर मी बॅगेवर बसून ढसाढसा रडले.

आता इथं तीन वर्षं झाली. तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर कुठे आहे असं कोणी विचारलं, की मला किलोमीटर सांगता येतात, तासही सांगता येतात. पण घर म्हणजे मला आता एवढंच ठाऊक आहे: आपल्या लेकीचं विमान कोणतं ते कळत नाही, म्हणून वरून जाणाऱ्या सगळ्यांनाच हात करणारा माणूस.