दोन्हीला चालेल अशी सायकल

रविवारची दुपार आहे, जेवण अंगावर आलंय, आणि उत्तरा निकम पलंगावर आडवी झालीय ती काही झोपायला नाही, विचार करायला. निदान स्वतःला ती तसंच सांगते. संध्याकाळपर्यंत मुजावरांच्या दुकानात कळवायचंय, दोन्हींपैकी कुठली सायकल घेणार ते. पुढच्या महिन्यात डोंगरातली लांब पल्ल्याची सायकल मॅरेथॉन आहे, आणि एरवी यवतेश्वराच्या पलीकडच्या पायवाटा, म्हणजे ट्रेल, आहेतच. दोन्हीला चालेल अशी एकच हवी.

दुकानात तशा दोन उभ्या आहेत. एक कार्बनची, हलकी, धक्के झेलणारं सस्पेन्शन फक्त पुढे, मापानं लार्ज. ती रणधीरनं सांगून मागवलेली. रणधीर तिचा नवरा. वीस वर्षं डोंगरउतारांवर हाडं मोडून घेणारा हा माणूस गेल्या वर्षी बँकेत, टेबलापाशी, चहा मागवून बसल्या जागी गेला. सायकल आली ती त्याच्या तेराव्यानंतर. मुजावरांनी माणुसकीनं ती वर्षभर कुणाला विकली नाही, पण आता पुण्याचं एक गिऱ्हाईक मागे लागलंय. दुसरी सायकल पुढे-मागे सस्पेन्शनची, जरा जड, मापानं स्मॉल. सासरे, आप्पा, म्हणतात, पोरी, त्याची शेवटची इच्छा होती, तीच घे. सायकलचा अख्खा ग्रुप म्हणतो, तीच घे. डोळ्यांत पाणी आणून म्हणतात मंडळी. ह्यांच्या बापाचं काय जातंय, पाठ तर उत्तराची मोडणार आहे.

निकमांच्या घरची रीतच तशी होती. दर दोन-तीन वर्षांनी रणधीर नवी घ्यायचा आणि त्याची जुनी उत्तराला मिळायची. सहा फुटी माणसाची सायकल, पाच फूट दोन इंचांच्या बाईला. मग सीट पुढे ढकलायची, खाली घ्यायची, हँडल धरणारा दांडा, स्टेम, आखूड बसवायचा, की झाली तयार. थोरल्याचा सदरा बाह्या दुमडून धाकट्याला घालावा, तसं. त्या सायकलींवर तिचे हात बधिर व्हायचे, मान धरायची, कंबर रात्रभर ठणकायची. रणधीर म्हणायचा, तुझ्यात दम नाही गं. आणि तिचा विश्वास बसायचा, कारण दमाच्या बाबतीत तो तज्ज्ञ.

गेल्या रविवारी मुजावरांनी बळेबळेच तिला ती स्मॉल चालवायला दिली. ती घाट चढून वर गेली, सायकल कठड्याला टेकवली, आणि हाताकडे बघत उभी राहिली. दहाची दहा बोटं जिवंत. आनंद व्हायला हवा होता. तिला असा संताप आला की रस्त्यावरचा दगड उचलून दरीत भिरकावला. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घण घालतोय. त्याला माहीत होतं का?

पंख्याची कुरकुर लांब जाते. खिडकीचा पडदा आत येतो, बाहेर जातो, पुन्हा आत येतो, आणि पलंगाची एक बाजू खाली दबते.

रणधीर कडेला बसलाय. अंगात शर्यतीची जर्सी, पायांत सायकलचे बूट.

"बूट काढ," उत्तरा म्हणते. "आजच चादर बदललीय."

"चिखल नाही लागत आता," तो तळवा वर करून दाखवतो. खरंच कोरडा आहे, नव्यासारखा. "लार्ज घे."

ना कशी आहेस, ना बरी आहेस का. वर्षानं भेटतोय आणि पहिलं वाक्य हे.

"का?"

"हलकी आहे. मॅरेथॉन चढावर जिंकतात. वजन ओढत बसलीस तर दुपारपर्यंत जीभ बाहेर येईल."

"आणि ट्रेलला? तिथं दगडातून उतरायचंय. मागं सस्पेन्शन नाही, चाक उड्या मारतं."

"उडू दे की. ट्रेलला माणसाच्या हातात कसब लागतं. सायकल काय करणार."

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," ती म्हणते, "तुझं काय जातंय."

तो हसतो. हसताना डाव्या गालाला पडते ती खळी अजून आहे. ह्या खळीवरच तर लग्न केलं होतं. ती उठून बसते आणि पाय खाली सोडते, तर पायांखाली मुजावरांच्या दुकानाची फरशी आहे.

सायकली छताला पुढच्या चाकांनी लटकल्यात, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. मुजावर नाहीत. गल्ल्यावर रणधीर उभा आहे, गळ्यात शिंप्याची टेप टाकून. कार्बनची सायकल तो दोन बोटांनी उचलतो आणि तिच्या नाकासमोर धरतो.

"बघ. फुलासारखी."

उत्तरा स्मॉल शोधते. ती एका लग्नाच्या खुर्चीवर बसवलेली आहे, पाहुणी आल्यासारखी. ती उचलायला जाते तर हाताला जड लागते.

"लागली ना जड?" तो म्हणतो.

"हिच्यावर पाठ दुखत नाही."

"सवय होते पाठीला."

"नऊ वर्षांत झाली नाही, रणधीर."

"सगळ्यांनाच दुखतं. तू बोलून दाखवतेस एवढंच."

उचलली जीभ लावली टाळ्याला. जिवंतपणी असाच होता, मरणानं तसूभर सुधारला नाही. उत्तरा काहीतरी झोंबणारं बोलणार, तेवढ्यात दुकानाची फरशी पुढे कलते, आणखी कलते, आणि दोघं उतारावर आहेत. वणवा लागून काळं झालेलं गवत, मधून पांढरी पायवाट. तो पुढे, लार्जवर, वाऱ्यासारखा. ती मागे, त्याच्या जुन्या सायकलवर, हँडलपर्यंत पोचायला अंग ताणून. पायवाट वळते आणि त्यांच्याच स्वयंपाकघरातून जाते. ओट्याला घासून, गॅसवरच्या दुधाला चुकवून. टेबलाशी सासरे पेपर वाचतायत. ते नुसते पाय वर घेतात, सायकली जाऊ देतात आणि पान उलटतात. "तीच घे गं," ते पेपरातून म्हणतात.

मागच्या दारातून बाहेर पडलं की मांडव लागतो. हा मांडव उत्तरा विसरणं शक्य नाही. मॅरेथॉनमधला खाण्यापिण्याचा थांबा. केळी, मीठ लावलेले बटाटे, पाण्याचे पिंप. तीन वर्षांपूर्वी ती इथंच उतरली होती. ब्रेक दाबायला बोटं मिटत नव्हती म्हणून उतरली होती, आणि शर्यत सोडली होती. रणधीर त्या वर्षी गुडघ्यामुळे शर्यतीत नव्हता, मांडवात मदतीला उभा होता. चार लोकांत म्हणाला होता, आमच्या हिच्यात दम नाही. लोक हसले होते. तीही हसली होती, हसून साजरं करायची सवयच लागली होती तिला.

आत्ता मांडवात ती दोघंच आहेत. तो केळं सोलतोय.

"तुला माहीत होतं?" ती विचारते.

"काय?"

"सायकल मला मोठी पडते ते."

तो केळ्याचा दोरा काढतो. शिरा काढल्याशिवाय केळं खायचा नाही कधी.

"मुजावर बोलला होता एकदा."

"कधी?"

"पहिल्याच वेळी. म्हणाला, वहिनींना दोन मापं मोठी होईल, हात भरून येतील."

"आणि मग?"

"मग काय. घेतली की सीट पुढे."

पिंपाच्या तोटीतून पाणी गळतंय, त्याचा आवाज येत नाही. उत्तराला वाटतं आपण ओरडावं, पण आवाज खालीच राहतो.

"नऊ वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच खोट आहे. रात्री उठून बाम चोळायचे, तुला जाग येऊ नये म्हणून अंधारात चोळायचे. दम वाढावा म्हणून पहाटे जिने चढायचे. तू वरच्या जिन्यावर उभा राहून घड्याळ लावायचास."

"मी कुठं म्हणालो तुझ्यात खोट आहे?"

"इथं म्हणालास. ह्या मांडवात. असंच केळं खात होतास."

"चेष्टा होती गं ती."

"सांगितलं का नाहीस मला?"

तो अर्धं केळं खातो, आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं, म्हणतो, "तुझ्या मापाची घेतली असती तर ती तुझीच झाली असती. मग माझी जुनी कुणाला द्यायची? आणि जुनी घरात उभी असताना नवी कुठल्या तोंडानं आणायची?"

"एवढ्यासाठी."

"एवढ्यासाठी," तो मान डोलावतो. लाज नाही, शरम नाही, पश्चात्तापाचा तर वासही नाही. जिवंत असता तर हे वदवून घ्यायला तीन भांडणं आणि एक माहेरची फेरी लागली असती. आता त्याला लपवायचं कारण उरलेलं नाही. त्याच्या एक मुस्काटात द्यावी म्हणून ती हात उचलते, तर हात बधिर आहे, उचललाच जात नाही. ती त्या हाताकडे बघते.

"माझं माप घे," ती म्हणते.

"आत्ता?"

"आत्ता. तुझी सायकल आली की दर वेळी मी खाली बसून तुझं माप घेतलंय. एकदा तू घे."

तो साल टाकायला जागा शोधतो, सापडत नाही, खिशात कोंबतो. मांडवाचं कापड मागे सरतं आणि त्यांची झोपायची खोली आहे, कपाटाशेजारची भिंत आहे. ह्या मापाची पद्धत दोघांनाही पाठ. अनवाणी उभं राहायचं, पाठ भिंतीला, पायांमध्ये जाडजूड पुस्तक, ते सीटवर बसल्यागत घट्ट वर ओढायचं, आणि पुस्तकाची कड भिंतीला टेकते तिथं पेन्सिलीनं रेघ. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत जे भरेल त्यावरून सायकलचं माप ठरतं. उत्तरा भिंतीला टेकते, दोन्ही हातांनी शब्दकोश वर ओढून धरते. तो कानामागची पेन्सिल काढतो आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसतो. गुडघा पूर्वीसारखाच कट् वाजतो.

असा तो तिच्यापुढे कधी बसला नव्हता. त्याच्या टाळूवरचे केस विरळ झालेत, ते तिला पहिल्यांदाच वरून दिसतात. पेन्सिल भिंतीवर सर्रकन फिरते. तिचे डोळे भरून येतात. काय बाई आहे ही, इतकं ऐकूनही हिचं मन विरघळतं. मांडव, बाम, जिने, सगळं माफ करून टाकावंसं तिला वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती माफ करूनच टाकते.

"झालं?" ती विचारते.

"झालं. अगदी बरोबर."

"दाखव."

तो बाजूला होतो, आणि उत्तराला जाग येते.

पंखा कुरकुरतोय. ऊन कपाटापर्यंत सरकलंय, आणि कपाटाशेजारी, गेल्याच महिन्यात वर्षश्राद्धाआधी रंगवलेल्या कोऱ्या भिंतीवर, पेन्सिलीची आडवी रेघ आहे. खाली फरशीवर शिशाची बारीक काळी पूड पडलीय.

उत्तरा कितीतरी वेळ पलंगावरून रेघेकडे बघत राहते. भीती वाटत नाही. आला होता, आणि एवढं तरी करून गेला, असं तिला वाटतं. मग ती उठते, शेल्फवरचा शब्दकोश काढते, चप्पल काढून भिंतीला पाठ लावते आणि पुस्तक वर ओढते. शक्य तेवढं ओढते. मान वळवून मागे रेघ शोधते.

रेघ पुस्तकाच्या चांगली वीतभर वर आहे.

ती टाचा उचलते. चवड्यांवर उभी राहते. तरी पुरत नाही. ह्या उंचीवर तिनं वाकून, बसून इतक्या वेळा रेघ मारलीय की ती कुणाची ते टेप न लावताही तिला कळतं. तिला समोर उभी करून, गुडघे टेकून, त्यानं स्वतःचंच माप घेतलं होतं.

ती मुजावरांना फोन लावते.

"स्मॉल बाजूला ठेवा," ती म्हणते.

पलीकडून मुजावर म्हणतात, "बरं झालं वहिनी, खरंच. आणि रणधीरभाऊंची?"

"विकून टाका."

"घरी विचारलंत ना? आप्पा मला परवाच म्हणाले होते की तीच..."

"पाय माझे आहेत, मुजावर," उत्तरा म्हणते, आणि आपण अजून चवड्यांवरच उभ्या आहोत हे लक्षात येऊन टाचा खाली टेकते.