उष्ट्यावरचा पहारा

मार्लिस पेराला ही शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करी. उत्तर मिनेसोटातल्या त्या खाणीच्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली. पण मागच्या उन्हाळ्यात तिने सहा वर्षांच्या नातीला, ब्रिटाला, आपलं एक मूत्रपिंड दिलं आणि तेव्हापासून गावातल्या कुणाच्याही तोंडावर तिचा भरवसा राहिला नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मार्लिस तर पाण्यालाही फुंकर घाले. शरीराने परकं मूत्रपिंड हाकलू नये म्हणून ब्रिटाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली होती. साधी सर्दीसुद्धा महागात पडली असती. त्यामुळे हॉकीच्या पोरांची सामाईक पाण्याची बाटली, पाद्रीबाईंचा रुमाल, शाळेच्या बसमधलं कुणाचं तरी लॉलीपॉप, सगळेच संशयित. कुणी शिंकलं की मार्लिस अशी बघे, की त्या बिचाऱ्याला वाटे आपण हिचं काही चोरलं की काय.

संशयितांमध्ये पहिला मान अर्थातच विहिणीचा. लोर्ना, सुनेची आई, खदाखदा हसणारी, पोरांचे मटामटा मुके घेणारी बाई. नाताळात चर्चच्या तळघरातल्या जेवणात तिने तांदळाची खीर फुंकली, चाखली आणि त्याच चमच्याने ब्रिटाला भरवली. मार्लिसने सगळ्यांदेखत चमचा हिसकावला.

"उष्टं भरवतेस तिला?"

"अगं, गरम आहे का ते बघितलं. नात माझीपण आहे ना?"

"नात तुझीपण आहे. मूत्रपिंड माझं आहे."

फेब्रुवारीत ब्रिटा दुपारी सोफ्यावर झोपली की घोरायला लागली. एवढीशी पोर, म्हाताऱ्यासारखी घोरते! घशातल्या गाठी सुजलेल्या, मानेवरही एक गाठ, अंगात कसकस. रक्त तपासलं तर त्यात एक विषाणू माजलेला. गाठीचा तुकडा काढून पाहिला तेव्हा कळलं की त्याच्या जोरावर पेशी बेसुमार वाढताहेत. वेळीच आवरलं नाही तर कर्करोगाच्याच वाटेने जातील.

हा विषाणू थुंकीतून पसरतो, एवढं मार्लिसने ऐकलं. पुढचं ऐकायची तिला गरजच वाटली नाही. मुलाला म्हणाली, "लोर्नाचा चमचा." शाळेच्या स्वयंपाकघरातही तेच म्हणाली, मग गावभर व्हायला वेळ कितीसा लागणार? मुलाने सासूला येऊ नका म्हणून सांगितलं. लोर्ना भांडली नाही. ब्रिटासाठी विणलेले हातमोजे दाराच्या कडीला अडकवून निघून गेली.

पुढच्या तपासणीला मार्लिस डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "कुणाकडून आला ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात जन्मभर निजलेला असतो. तुमच्याही आहे. ब्रिटाच्या अंगात नव्हता. छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण अशा मुलांमध्ये तो बहुधा मूत्रपिंडाबरोबरच येतो. ऑपरेशनच्या आधी आपलं बोलणं झालं होतं यावर."

झालं असेल. त्या दिवशी मार्लिसच्या कानात 'जुळतंय' एवढा एकच शब्द शिरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालताना विहिणीला चिखलात लोटलं ते वेगळंच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग द्यायलाच नको होतं का मी?"

"द्यायलाच हवं होतं. पण आता दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती थोडी मोकळी सोडायची. एक औषध बंद, दुसरं निम्मं. मग गाठी विरू शकतात. नाही विरल्या तर पुढचे उपाय आहेत."

"आणि शरीर मूत्रपिंडावरच उठलं तर?"

"तो धोका आहे. पण आधी मुलगी."

मुलगा आणि सून कामाच्या पाळीवर असली की संध्याकाळचं औषध मार्लिसच्याच हातून जाई. काल म्हणत होते एकही डोस चुकवू नका, आज म्हणतात निम्मा द्या! ह्यांचं खरं मानायचं तरी कधीचं? कॅप्सूल हातात धरून ती ओट्याशी उभी राहिली आणि मग तिला स्वतःचाच संशय आला. हात थांबलाय तो पोरीच्या काळजीने, की आपलं मूत्रपिंड वाया जाईल म्हणून? तिने लोर्नाला फोन लावला.

लोर्ना आली. बर्फाचे बूट काढून पायपुसण्यावरच थांबली.

"किती लांब उभी राहू? तूच सांग."

"तुझा चमचा नव्हता, लोर्ना. माझ्या मूत्रपिंडातून आलंय ते, बहुतेक. चुकले मी."

लोर्ना पायपुसण्यावरून हलली नाही. "दुकानात बायका माझ्यापासून ट्रॉली दूर नेतात. ठाऊक आहे तुला, कसं वाटतं ते?"

"कालपर्यंत नव्हतं." मार्लिसने कॅप्सूल पुढे केली. "आजचं तू दे. माझा हात धजत नाही."

"एवढंच द्यायचं?"

"एवढंच."

लोर्नाने हात दोनदा धुतले आणि औषध दिलं. ब्रिटाने ते दुधाबरोबर गिळलं आणि जुन्या सवयीने अर्धा ग्लास लोर्नापुढे धरला. "उरलेलं तू पी, आजी."

लोर्नाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घे गं," मार्लिस म्हणाली. "पी. काही होत नाही."

"नको," लोर्ना म्हणाली. "आता मलाच माझी भीती वाटते."