गुरुजी विसरले नव्हते

आमच्या गावात चितेला अग्नी दिला की माणसं लगेच उठत नाहीत. नदीकाठच्या कडुनिंबाखाली बसतात आणि कुणीतरी गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतं. लिंगायतांकडं मातीआड करतात, तिथंही हीच रीत. हे दोन शब्द वर्षानुवर्षं आमचे गुरुजी बोलत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, बोलताना हात पाठीमागं. गंगाखेडपर्यंतच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं आणि एसटीत बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी मी असायचो.

इतकं ऐकल्यावर त्यांची जीभ मला पाठ झाली होती. चिकट दुकानदाराला ‘दिलदार’ म्हणायची पाळी आली की त्या शब्दाआधी हटकून खोकला यायचा. जन्मभर भांडत आलेल्या एका माजी सरपंचाला ‘शांत स्वभावाचे’ म्हणताना ते ‘शांत’वरच चारदा अडकले. माणसांनी माना खाली घालून हसू दाबलं. स्वतःचा जिवलग मित्र गेला तेव्हा मात्र ‘ते रोज सकाळी माझ्याकडं चहाला येतात,’ असं म्हणून गेले. ती चूक कुणी दुरुस्त केली नाही.

मग माझा थोरला भाऊ गेला. बांधावरची बाभूळ कुणी तोडली यावरून आमचं सात वर्षं बोलणं नव्हतं. परभणीच्या दवाखान्यात तो एकवीस दिवस होता. मी एकदाच परभणीला गेलो. आधी बियाणं घेतलं, दवाखान्याच्या फाटकासमोर उसाचा रस प्यालो आणि परतीची गाडी धरली. त्याच गाडीत गुरुजी होते, भावाला भेटून निघालेले. त्यांनी माझ्याजवळचं बियाणं बघितलं. आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मला जागा दिली.

अंत्यविधीच्या सकाळी मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांना भावाची माहिती लिहून दिली. शेवटची ओळ होती, धाकट्या भावानं शेवटपर्यंत सेवा केली. गुरुजींनी ती दोनदा वाचली.

"आबा, हे बोलायलाच पाहिजे का?"

"लिहिलंय तसं बोला," मी म्हणालो.

ते छान बोलले. भावानं खोदलेली विहीर, त्याची तालीम, त्याचा राग, सगळं आलं. मग म्हणाले, ‘धाकट्या भावानं...’ आणि थांबले. पुन्हा ‘धाकट्या भावानं...’ तिसऱ्यांदाही तेच. चष्मा काढून पुसला. शेवटी ‘सुनेनं शेवटपर्यंत सेवा केली,’ असं म्हणाले, जे खरं होतं, आणि खाली बसले. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगायचंसुद्धा राहून गेलं.

परतताना कुणीतरी म्हणालं, गुरुजींचं वय झालं. माझ्याकडं बघून विचारलं, खरं का आबा? मी म्हणालो, "हाव, इसरायलेत आता."

एवढंच बोललो. पण रोज सोबत असणाऱ्याचंच तोंड ते, त्यामुळं सगळ्यांना पटलं. त्यानंतर बोलायला तालुक्याचे एक प्राध्यापक येऊ लागले. गुरुजी प्रत्येक मयतीला यायचे, मागं चपलांवर बसायचे. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो आणि गप्प राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो. ते सुपात तूर निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मला ठाऊक हाय. तुमच्या भावाबद्दल अजून लय बोलायचं होतं मला. त्या ओळीपाशी सगळंच सांडलं." मग सूप माझ्याकडं सरकवून म्हणाले, "मला घोर तुमचा हाय, आबा. तुमच्या वेळेला मी काय बोलू? काहीतरी खरं करून ठेवा की जरा."

मी हसलो. त्यांची अर्धी तूर निवडून दिली.

पंधरवड्यानं गावात एक मयत झाली. चिता पेटली, माणसं बसली, प्राध्यापक उठायला लागले. मयताच्या मुलाची परवानगी घेऊन मी आधी उभा राहिलो. एवढ्या माणसांपुढं कधी बोललो नव्हतो. म्हणालो, ‘माझ्या भावाच्या वेळेला गुरुजी विसरले नव्हते. मी त्यांना खोटं लिहून दिलं होतं. मी भावाला दवाखान्यात...’ आणि तिथंच अडकलो. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. खोटं बोलणाराच अडखळतो अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

मागून ओळखीचा आवाज आला. "सावकाश, आबा. कुणी जायलं न्हाई."

‘...भेटायला गेलो नाही,’ मी म्हणालो आणि खाली बसलो.

मयताच्या मुलानं वळून गुरुजींकडं बघितलं. प्राध्यापकांनी बसल्या जागेवरून वाट करून दिली. गुरुजी चपलांवरून उठले, टोपी नीट केली आणि माझ्या खांद्यावर हात टेकून पुढं गेले.